आप्पांची घोडेवाली पंप बंदूक: ओळख पटवण्याच्या नोंदी

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

परवा आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तेरावं झालं. विधानसभेच्या निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक त्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला परत आणली आणि आठवड्याभरात ते गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की बंदूक विनाकारण उशीर न करता पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. तेराव्यापर्यंत हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ही पहिली चूक.

दुसरी त्याहून मोठी. उद्या जमा करायचीच आहे तर जरा पुसून देऊ, म्हणून दुपारी ब्रासो आणि जुनं बनियन घेऊन बसलो. बॉडीच्या डाव्या बाजूला तपकिरी-काळा थर होता, तो मला गंज वाटला. वीस मिनिटं घासल्यावर तळहाताएवढा भाग स्टीलच्या तांब्यासारखा चकाकायला लागला. मी खूश. बायकोला दाखवलं, तीही म्हणाली, छान निघालंय. हात दुखायला लागले म्हणून थांबलो, नाहीतर सगळीच घासली असती.

आणखी एक खटाटोप केला. नळीखालची लाकडी मूठ (पंप बंदुकीत हीच मागेपुढे ओढून काडतूस भरतात) मागे ओढून बघितली, हलेना. गंजून बसली असणार, म्हणून फटीफटीत शिवणयंत्राचं तेल सोडलं. अर्धी बाटली.

खर्च: ब्रासो ११० रुपये. नुकसान पुढे लिहितो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

अर्धी रजा टाकून बंदूक दुकानात जमा केली. पावती मिळाली, महिन्याला २५० रुपये भाडं. त्याच पावतीची प्रत ठाण्यात दिली. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो, तो ए-१ नमुना तिथूनच घेतला. (२०१६च्या नियमांप्रमाणे आप्पा हयात असतानाच हे करता आलं असतं. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे हत्याराला पंचवीस वर्षं झाली की वारसाच्या नावे अर्ज चालतो. आप्पा दोन्ही निकषांत कधीच बसत होते. ज्यांच्या घरात वयस्कर परवानाधारक आहे त्यांनी हे आत्ताच बघावं.)

दुकानातले मिस्त्री सत्तरीचे आहेत. बंदूक हातात घेऊन त्यांनी आधी कोठा (नळीत काडतूस बसतं ती जागा) उघडून रिकामा असल्याची खात्री केली. मूठ अगदी सहज मागे आली. मी बघतच राहिलो. काल मी पाय लावून ओढत होतो.

“आधी केसभर पुढं ढकला, मग मागं ओढा,” मिस्त्री म्हणाले. “अडकलेली नाही ती. तशीच बनवलीय.”

घोडा (काडतुसावर ठोका मारणारा भाग) पडलेला असला तरी मूठ थोडी पुढे गेल्याशिवाय कुलूप सुटत नाही. घोडा चढवलेला असेल तर उजव्या बाजूचं बारीक बटण दाबावं लागतं. त्या काळची काडतुसं कधीकधी क्षणभर उशिराने उडायची. तेवढ्यात कुणी घाईने कोठा उघडला तर तोंडावरच स्फोट. म्हणून ही अडवणूक. बार उडाला की बंदूक धक्क्याने मागे येते, हात जागेवर राहतो, म्हणजे मूठ आपोआप पुढे गेल्यासारखी होते आणि कुलूप सुटतं.  बार उडवणाऱ्याच्या हाताचाच उपयोग करून घेतलाय. मला हे फार आवडलं.

मग त्यांनी चकाकणारा भाग बघितला.

“हे काय करलालाव तुम्ही?”

मी ब्रासो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. कपाटातून एक भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आता यापुढं फक्त बघा.

११ जानेवारी २०२५, दुसरा शनिवार

बँकेला सुट्टी. सकाळी दहा ते एक दुकानात. अट अशी की बंदूक मिस्त्री धरणार, मी भिंग आणि वही.

आमच्या घरातली कथा: १९११ साली, दिल्ली दरबारच्या वर्षी, मिलमधल्या एका गोऱ्या इंजिनिअरने मायदेशी जाताना ही पणजोबांना भेट दिली. बंदूक तेव्हाच वीस वर्षांची होती. पुरावा काय, तर तिच्यावर १८९० कोरलंय.

१८९० खरंच आहे, पण त्याच्या आधी “नोव्हेंबर २५” आहे आणि त्याच्याही आधी “पॅट.” आहे. म्हणजे पेटंटची तारीख. बंदुकांची रचना करणाऱ्या जॉन ब्राउनिंगला या यंत्रणेचं अमेरिकन पेटंट २५ नोव्हेंबर १८९० ला मिळालं. तीन पिढ्या आम्ही पेटंटच्या तारखेला जन्मतारीख समजत होतो. पुढच्या मुठीच्या लोखंडी पट्टीवर “मॉडेल १८९७” आहे. मी लगेच वहीत लिहिलं, बनवल्याचं साल १८९७. मिस्त्रींनी ते खोडायला लावलं. हे मॉडेल बाजारात आलं ते साल. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीने ते १९५७ पर्यंत, साठ वर्षं बनवलं, दहा लाखांच्या वर. त्यातली आपली कोणती, हे अजून कळायचंय.

आधीचं मॉडेल १८९३ चं. ते काळ्या दारूसाठी होतं. बिनधुराची दारू आली तसं ते कमी पडायला लागलं, तेव्हा कंपनीने बॉडी भक्कम करून हे काढलं आणि क्रमांक मात्र जुन्याच मालिकेतून पुढे चालू ठेवले. म्हणून पहिली १८९७ सुद्धा एक नंबरची नाही, ३४ हजारांच्या पुढची आहे.

इतरांसाठी ओळखीची खूण: घोडा बाहेर दिसतो का बघा. जुन्या पंप बंदुकांत बाहेर घोडा असलेल्या थोड्याच. याच कंपनीचं पुढचं प्रसिद्ध मॉडेल १९१२ चं, त्यात घोडा आत लपलेला. बाहेर घोडा असलेली मार्लिन कंपनीचीही एक जात आहे, दिसायला चुलत बहीण. ती उडवू नका असा इशारा खुद्द तिच्या कंपनीने नंतर दिला होता. तेव्हा नाव वाचल्याशिवाय “सगळ्या एकच” म्हणू नये.

वेळ तीन तास. खर्च: चहा.

१४ जानेवारी, मंगळवार

गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. आज अक्षता. सिद्धेश्वराच्या बाजूला जाणारे सगळे रस्ते माणसांनी भरलेले. नंदीध्वज बघितले, बाजरीची कडक भाकरी खाल्ली. बंदुकीचं काम शून्य.

२५ जानेवारी, चौथा शनिवार

क्रमांकाचा दिवस, आणि पूर्ण वाया गेलेला दिवस.

आप्पांच्या परवान्यावर वर्णन असं: “एसबीबीएल, बारा बोअर, विंचेस्टर” (एसबीबीएल म्हणजे एकनळी, मागून भरायची) आणि पुढे सात आकडी क्रमांक, ३५ लाखांच्या घरातला. मी घरूनच तो आकडा घेऊन बनावटीचं साल शोधत बसलो. दोन रात्री. कुठल्याच तक्त्यात बसेना, कारण या मॉडेलच्या एकूण बंदुकाच दहा लाख आणि काही हजार झाल्या. पस्तीस लाखावी आली कुठून? मला वाटलं नकली माल आहे, पाकिस्तानातल्या दर्रा किंवा बिहारमधल्या मुंगेरच्या गावठी कारखान्यांतला. आईला तसं सांगूनही टाकलं. ती दिवसभर बोलली नाही.

बंदुकीवरचा क्रमांक प्रत्यक्ष वाचायला हवा होता तो आज वाचला. बॉडीच्या पोटाला, पुढच्या कडेशी. सहा आकडी. त्याच्या डोक्यावर इंग्रजी “ई” अक्षर. रचनेत मोठे बदल झाले की कंपनी हे अक्षर बदलायची, “ई” हे शेवटचं. कुणीतरी हा ई उलटा वाचून इंग्रजी तीन केलाय आणि आकड्याच्या आधी जोडलाय. सहाचे सात.

पूर्ण क्रमांक इथे देत नाही. पाच लाख चाळीस हजारांच्या पुढचा आहे एवढं पुरे. अमेरिकेत कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरची मूळ दफ्तरं आहेत, पण या मॉडेलची नोंद ३,७७,९९९ पर्यंतच. आपली त्यापलीकडची, म्हणजे तिथून कागद मिळणार नाही. प्रचलित तक्त्यांमध्ये दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. सगळे मिळून ही पहिल्या महायुद्धाच्या जरा आधीची ठरते. मी १९१३च्या आसपास असं लिहून ठेवलंय.

म्हणजे १९११ चा गोरा इंजिनिअर गेला. पणजोबांचा दरबारही गेला.

८ फेब्रुवारी, दुसरा शनिवार

मिस्त्रींनी आज बंदूक दोन भागांत सोडवली. ही “टेकडाउन” प्रकारची आहे, नळी आणि बॉडी अवजारांशिवाय वेगळी होते. हे त्यांनी केलं, मी नाही, आणि कसं केलं ते मुद्दाम लिहीत नाही. जुनी बंदूक वाचलेल्या गोष्टींवरून उघडू नये.

वेगळी केल्याचा फायदा दोन ठिकाणी झाला. नळीच्या बाजूलाही क्रमांक असतो, तो बॉडीशी जुळला. कित्येक जुन्या बंदुकांत नळी एकीची आणि बॉडी दुसरीची निघते. आपली जोडी मूळची. मग नळीच्या पोटाला, मॅगझीनच्या (काडतुसं भरायच्या नळीच्या) आड, चिकट काळ्या तेलाखाली शिक्के निघाले. (माझं शिवणयंत्राचं तेलही तिथेच जाऊन बसलं होतं आणि धुळीबरोबर त्याचा खरवस झाला होता. मिस्त्रींनी ते रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, घासलं नाही. त्याचे वेगळे ३०० रुपये.)

एक शिक्का कारखान्याचा, अंडाकृतीत डब्ल्यू आणि पी. हा विंचेस्टरने १९०५ पासून मारायला सुरुवात केली, ते जुळतं. बाकीचे इंग्लंडचे. मुकुट आणि खाली बी-व्ही, मुकुट आणि बी-पी, मुकुट आणि एन-पी. बर्मिंगहॅमच्या चाचणी-घराचे. शेवटचा म्हणजे बिनधुराच्या दारूने चाचणी झाली. आणि त्यांच्या शेजारी कमानीत तीन शब्द: नॉट इंग्लिश मेक.

भिंगातून ते वाचल्यावर मी मोठ्याने हसलो. परदेशी बंदुकीवर इंग्रज हा शिक्का १९२५ पासून मारायला लागले. म्हणजे आपली बंदूक अमेरिकेत १९१३च्या सुमारास बनली, कुठेतरी फिरली किंवा पडून राहिली आणि १९२५ नंतर बर्मिंगहॅमहून पुढे आली. सोलापुरात त्यानंतर कधीतरी. तात्या, म्हणजे आजोबा, जन्मले १९२४ ला. त्यांनी ती स्वतःच विकत घेतली असणार. भेट वगैरे काही नाही. मंगळवेढ्याकडच्या रानात मालदांडी ज्वारीत डुकरं शिरायची, त्यासाठी.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरीच. आप्पांची पत्र्याची पेटी उपसली. निवडणुकीला जमा केलेल्या बंदुकीच्या पावत्या त्यांनी आणि तात्यांनी एका दोरीत ओवून ठेवल्या होत्या. सर्वात जुनी १९६७ ची. तिच्यावर क्रमांकाआधी स्वच्छ इंग्रजी ई आहे. १९८० च्या पावतीवर तो ई असा काढलाय की तीन वाटावा. १९८५ ला तीन झाला. पुढे नूतनीकरणात परवान्यावरही तीनच चढला आणि चाळीस वर्षं कुणी बंदूक आणि कागद शेजारी ठेवून बघितले नाहीत. आम्हीही नाही.

ज्यांच्याकडे अशा पावत्या आहेत त्यांनी त्या टाकू नका. माझ्या अर्जाला आता याच आधार आहेत.

आई अजूनही इंजिनिअरवर ठाम आहे. मी वाद घालत नाही.

२२ फेब्रुवारी, चौथा शनिवार

नळी मोजली. मागच्या वेळी मी बाहेरून टेप लावून २५ इंच लिहिलं होतं, ते चूक. नळी कोठा बंद करून, तोंडातून लाकडी काठी आत सोडून, ती टेकते तिथपर्यंत मोजायची. (बंदूक रिकामी आहे हे दोघांनी स्वतंत्र बघून मग.) २७ इंच भरली. बारा बोअरची सर्वसाधारण नळी ३० इंची यायची. नळीवर डाव्या बाजूला “फुल” असं चोकचं मापही कोरलंय. फुल चोक म्हणजे तोंडाशी नळी जवळपास एक मिलिमीटरने आवळलेली असते, छर्रे लांबवर एकत्र राहावेत म्हणून. मिस्त्रींचा व्हर्नियर लावला: तोंडाशी साडेअठरा मिलिमीटर. बारा बोअरची आतली मापं हीच. म्हणजे आवळलेलं काहीच नाही.

तीन इंच कापलेत. चोक नळीच्या शेवटच्या टप्प्यात असतो, तो त्या तुकड्याबरोबर गेला. बहुधा तोंड फुटलं किंवा चेपलं असेल. नळीत चिखल गेला आणि तसाच बार काढला की असं होतं, असं मिस्त्री म्हणाले. काळ्या मातीच्या रानात हे काही अवघड नाही. कापणाऱ्याने कड सरळ घासलीय आणि पितळेची नवी माशी (नेम धरायचा मणी) बसवलीय, जराशी डावीकडे झुकलेली. तात्या निशाण उजवीकडे का जातं म्हणून आयुष्यभर बंदुकीला शिव्या द्यायचे, असं आप्पा सांगत. आता कारण सापडलं. मूळची माशी नाही, मूळची लांबी नाही, मूळचा चोक नाही. संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निम्म्यावर आली असेल. उरलेल्यातली काही मी ब्रासोने पुसली.

तरी आज पहिल्यांदा ती सावकाश हातात घेतली. साडेतीन किलोच्या आसपास. मूठ मागे ओढली की कोठा बंद करणारा बोल्ट बॉडीच्या मागून बाहेर येतो, बेसावध असाल तर थेट अंगठ्यावर. मला लागला. त्याच दणक्यात घोडा चढतो. सगळं उघड्यावर चालतं. कुठला भाग कुठल्याला ढकलतो ते दिसतं. अर्धा चढवलेला घोडा हीच सुरक्षा, वेगळं बटण नाही. आणि चाप दाबून धरून मूठ पुढे लोटली की कोठा बंद होताक्षणी बार उडतो, कारण चाप सोडवणारा भागच यात नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकनांनी आखूड नळीची हीच बंदूक खंदकांत नेली आणि सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने अशा बंदुकांविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. आमच्या घरात ती डुकरांसाठी वापरली गेली, तीही जास्त करून हवेत. चाप दाबून धरला की मूठ लोटताच उडण्याचा हा गुण शिकाऱ्याच्या कौतुकाचा असेल, मला तरी तो पेटीत ठेवण्याचं कारण वाटतो.

८ मार्च, दुसरा शनिवार

ऊन पेटलंय. दुकानातला पंखा गरम हवा फिरवतो.

दस्त्याचा, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाचा विषय. हाताची पकड येते तिथे, मानेशी, दस्ता तडकलाय आणि त्यावर चार बोटं रुंद सूत गुंडाळून वर लाख चढवलीय. काळपट, घाणेरडं दिसतं. हे काढून तडा इपॉक्सीने भरायचा आणि पॉलिश मारायचं, असं मी मागच्या वेळी ठरवून ५०० रुपये आगाऊ दिले होते. मिस्त्रींची ना नव्हती.

पण ब्रासोचा धडा होता, म्हणून आधी फोटो काढले. काल संध्याकाळी शेजारच्या मामांना सहज दाखवले. मामा पद्मशाली, विणकर समाजाचे. साखर पेठेत त्यांच्या घरात पूर्वी हातमाग होते, आता तिथे फ्लॅट आहेत. फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ बघितला.

“हे बाजारचं सुतळ नाही. मागाचं सूत आहे, खळ दिलेलं.” मग एका जागी बोट ठेवलं. “आणि ही गाठ बघा. ताण्याचा धागा तुटला की आम्ही मारतो ती. बारीक बसते, फणीत अडकत नाही. इथं तुटलं होतं, सांधलंय.”

त्यांनी मला दोन धाग्यांवर ती गाठ मारून दाखवली. दोन सेकंद. मला अर्ध्या तासात जमली नाही.

फोटोत फेरे मोजले: सत्तेचाळीस. एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. आईला विचारलं. तिला एवढंच आठवतं की तात्या एकदा बैलगाडीतून पडले तेव्हा बंदूक खाली आली होती, आणि गल्लीतल्याच कुणीतरी ती बांधून दिली. कोण, ते तिला माहीत नाही. मामांनाही नाही.

आज मिस्त्रींना इपॉक्सी रद्द करायला सांगितलं. त्यांनी सुतावर नख दाबून बघितलं, दस्ता पिळून बघितला. तडा जराही हलला नाही. “राहू द्या,” म्हणाले. बाकीच्या कोरड्या लाकडाला कच्च्या जवस तेलाचा एकच हात दिला, तड्यात न जाईल असा. ५०० पैकी ३५० परत.

२२ मार्च, चौथा शनिवार

अर्ज अजून वाटेत. ठाण्याची चौकशी झाली, पुढचं आयुक्तालयात. क्रमांकाच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, १९६७ ची पावती आणि बंदुकीवरच्या क्रमांकाचा फोटो जोडला. खिडकीवर विचारलं गेलं की परवान्यावर आहे तोच क्रमांक राहू दिला तर काय बिघडतं. मी तिसऱ्यांदा तीन आणि ई समजावून सांगितलं. चार हेलपाटे आत्तापर्यंत.

ब्रासोच्या जागी पुन्हा ब्ल्यूइंग (लोखंडावर निळा-काळा रंग चढवणं) करायचं का, हे मिस्त्रींनी विचारलं. नको म्हणालो. शंभर वर्षांच्या रंगाशेजारी नवा रंग ठिगळासारखा दिसणार. हलकं तेल लावून सोडून दिलं. आपोआप काळवंडेल तेवढं काळवंडेल.

आजपर्यंतचा हिशेब: भाडं तीन महिन्यांचं ७५०, साफसफाई ३००, जवस तेलाचं काम १५०, भिंग (स्वतःचं घेतलं) २२०, प्रतिज्ञापत्र आणि झेरॉक्स ६४०, ब्रासो ११०. एकूण २,१७०. रिक्षा आणि अर्ध्या रजा धरल्या नाहीत. पैकी ब्रासो आणि साफसफाई हे ४१० माझ्याच हाताने ओढवलेले.

दुकानात प्रत्येक हत्याराला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात. आपल्या चिठ्ठीवर फक्त “पंप, बारा बोअर” होतं. मिस्त्रींनी नवी चिठ्ठी दिली आणि तुम्हीच लिहा म्हणाले. मी लिहिलं:

विंचेस्टर मॉडेल १८९७, बारा बोअर, टेकडाउन. क्रमांकाआधी इंग्रजी ई, तीन नव्हे. बनवल्याचं साल अंदाजे १९१३, बर्मिंगहॅम चाचणी १९२५ नंतर. नळी कापलेली, २७ इंच. माशी नंतरची. दस्त्यावरचं सूत काढू नये.